बहात्तर ठोक्यांचा वर्ग

राजानंद सर चिडले, ही बातमी त्या दिवशी खिचडीच्या सुट्टीआधीच पाचवीच्या वर्गापर्यंत जाऊन पोचली. कारण हा माणूस सहसा चिडत नाही. तासाला कुणी बाकावर डोकं टेकून झोपलं, तरी ‘उठल्यावर सांग रे बाबा, तोवर आम्ही भिंगाचं उरकून घेतो’ म्हणणारा. पण त्या दिवशी त्यांनी नववीच्या पोरांनी आणलेली कागदं टेबलावर आपटली आणि म्हणाले, “अरे, तुम्ही माणसं आहात का भिंतीवरची घड्याळं?”

झालं होतं असं. सरांनी पोरांना सांगितलं होतं, सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, आपल्याच मनगटावर दोन बोटं ठेवायची, मिनिटभर ठोके मोजायचे आणि आकडा लिहून आणायचा. आता पोरांनी काय आणावं? बहात्तर! आर्यनचे बहात्तर, पायलचे बहात्तर, आणि आठवडाभर तापानं फणफणलेल्या हरिओमचेसुद्धा बहात्तरच. कारण पुस्तकात तसं छापलंय ना, निरोगी माणसाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी बहात्तर. पुस्तकात छापलेलं असताना मनगटाला विचारायला कोण बसतंय?

“सरासरी म्हणजे काय रे, हरिओम?”

“सर, म्हणजे सगळ्यांचं तेवढंच असतंय.”

“कप्पाळ माझं,” सर म्हणाले. मग खाली बसले आणि स्वतःशीच हसले. चिडणं त्यांना फार वेळ झेपत नाही.

तीर्थपुरीच्या रस्त्यावरून जरा आत गेलं की हे गाव लागतं. गावात दहावीपर्यंतची एक शाळा, आणि शाळेत विज्ञान शिकवायला हे एकच सर. राजानंद मूळचे कुंभार पिंपळगावचे. वडील वसंता गवंडीकाम करायचे. भिंत उभी राहिली की ओळंबा सोडायचे आणि पोराला म्हणायचे, “बघ, घरमालक फसतो, मिस्त्री फसतो, ह्यो फसत न्हाई.” वडील गेले, तो ओळंबा पोरानं जपून ठेवला. शाळेतल्या प्रयोगशाळेत, म्हणजे एका कपाटात आणि दीड टेबलावर, तोच आता लंबक म्हणून लटकतो. आंदोलनकाळ शिकवायला दुसरं काही नाहीच. कितीतरी वर्षं बिनपगारी काढून, बायकोच्या शिलाईमशीनवर घर चालवून हा माणूस मास्तर राहिला, तो कशाच्या जोरावर, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, “प्रयोग केला की पोराच्या डोळ्यात जे होतं ना, ते बघायला.”

आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मात्र दर वर्षी यांची शाळा रिकाम्या हातानं परत. तिथं नंबर कुणाला? तर दुकानातून तयार आणलेल्या ज्वालामुखीला. बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि परीक्षक माना डोलावतात. राजानंद सरांना हे फार लागायचं. या वर्षी त्यांनी ठरवलं होतं, मॉडेल नाही, दिवा नाही, बटण नाही. खरा प्रयोग. आपल्याच वर्गातल्या पोरांची हृदयं. बसल्यावर किती ठोके, चालल्यावर किती, पळाल्यावर किती, आणि पळून आल्यावर कुणाचं हृदय लवकर जागेवर येतं. खर्च शून्य आणि उत्तर कुठल्याच गाईडात नाही!

म्हणून तर ते बहात्तरवर एवढे भडकले. त्यांनी सगळी कागदं फाडली आणि नियम सांगितले. मोजायचं ते खिचडीच्या आधी, म्हणजे पोट सगळ्यांचं सारखंच रिकामं. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. प्रत्येकानं आपला आकडा आपण मोजायचा, मग तोच आकडा दुसऱ्यानं मोजायचा. “दोनदा मोजलेलं असल्याबिगर मी चार्टवर चढवणार नाही. आणि जे येईल ते लिहायचं. बरोबर-चूक काही नसतं इथं. खरं असतं, बस.”

सगळी पोरं गेली आणि एक मुलगी मागं राहिली. शालू. सर्जेरावांची थोरली. काटक, सावळी, वेणी घट्ट. कालव्याच्या रस्त्यानं रोज पहाटे पळणारी म्हणून अख्ख्या पंचक्रोशीत ठाऊक. तालुक्याला पहिली आलेली, आता जिल्ह्याच्या स्पर्धेला जायची होती. पुढं पोलीस भरती, हे तिनं चौथीतच ठरवून टाकलेलं.

“सर, एक सांगू का? माझं लई कमी येऊन राह्यलं. परत परत मोजलं. मला वाटलं, मलाच मोजता येत न्हाई. म्हणून बहात्तर लिहिलं.”

“किती आलं?”

“अठ्ठेचाळीस.”

सर हसले. “पायलला बोलव, ती घड्याळ धरेल. आपण परत मोजू. आणि शालू, शाब्बास. खरं सांगायला भ्यायचं नाही.”

हे शेवटचं वाक्य पुढं त्यांच्या छातीवर किती दिवस बसणार आहे, हे त्यांना तेव्हा कुठं ठाऊक!

प्रयोग सुरू झाला आणि आठवडाभर शाळेत नुसती धमाल. पोरं मैदानाला फेऱ्या मारायची, धापा टाकत येऊन बसायची, मनगट धरून पुटपुटायची. हेडमास्तर व्हरांड्यातून नुसते चालत गेले की सगळ्यांचे ठोके वाढायचे. शेवटी सरांनी हेडमास्तरांना हात जोडून सांगितलं, “साहेब, मोजणीच्या वेळेला तुम्ही ऑफिसातच बसा. तुमच्यानं प्रयोग बिघडायलाय.” हेडमास्तरांनाही जरा बरंच वाटलं.

पण शालूचा आकडा काही वर येईना. तिनं मोजला, पायलनं मोजला, सरांनी स्वतः मोजला. अठ्ठेचाळीस, कधी पन्नास. एक ठोका पडला की पुढचा येईपर्यंत सरांचाच जीव वरखाली व्हायचा. शिकले असतील बीएस्सी, पण ते वनस्पतिशास्त्र घेऊन. माणसाच्या हृदयाचं त्यांना पुस्तकापुरतंच ठाऊक. त्या संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर शोधलं. ठोके साठच्या खाली असणे. पहिल्याच पानावर चक्कर, बेशुद्धी, अचानक मृत्यू, छातीत बसवायचं यंत्र. बास, माणूस घाबरायला एवढं पुरेसं आहे. त्याच पानाच्या तळाला दोन ओळी होत्या, नियमित धावणाऱ्यांविषयी. तिथपर्यंत सर पोचलेच नाहीत.

“मी सर्जेरावांकडं जाऊन येतो,” ते म्हणाले.

शीतल, त्यांची बायको, मशीनवर ब्लाऊजला गळा लावत होती. तिनं पाय थांबवला. “अहो, आधी कुणा डॉक्टरला तरी विचारा. पोरीची जात आहे. एकदा तोंडातून गेलं की परत येत नाही.”

“आणि उद्या पळता पळता काही झालं तर? मला ठाऊक असून गप्प बसलो, असं होईल.”

शीतलचं बरोबर होतं आणि सरांचंही चूक नव्हतं. असंच असतं ना, माणूस घोळ करतो तो बहुतेक चांगल्या मनानंच करतो. गेले.

सर्जेराव ओट्यावरच बसलेले होते. मोसंबीच्या बागेतून नुकतेच आलेले. “जय भीम सर! या, या. शालूच्या आईऽ, चहा टाक. सर आलेत.” हे सर्जेरावांचं नेहमीचं. त्यांच्या आळीतले बाकीचे नुसतं ‘या’ म्हणायचे, सर्जेराव आवर्जून जय भीम घालायचे, आणि घरात सगळ्यांना असतो त्याच कपात चहा द्यायचे. वसंता मिस्त्रीच्या पोराच्या लक्षात या गोष्टी राहतात. कुणाला बोलून दाखवत नाहीत, पण राहतात.

सरांनी शक्य तितक्या हलक्यानं सांगितलं. काळजीचं काही नसेलही. ठोके जरा कमी पडतात. एकदा दाखवून घेतलेलं बरं.

चहाचा कप घेऊन आलेल्या नंदाबाई, शालूची आई, दारातच थबकल्या. सर्जेरावांचा चेहरा उतरला. “कमी म्हणजे बंद पडतेत का, सर?”

“नाही हो, बंद कशाला...”

“आमची कांता अशीच गेली,” सर्जेराव म्हणाले. कांता म्हणजे त्यांची बहीण. “कापूस येचून राह्यली होती. दम लागला म्हणून बांधावर बसली, ती उठलीच न्हाई. माझ्यासमोर गेली. शालू तर रूपानं बी तिच्यावरच गेलेली.”

सरांना कांताचं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर? तरी गेलेच असते बहुतेक. पण शब्द दुसरे शोधले असते.

नंदाबाईंनी त्याच संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी पोरीची दृष्ट काढली. सकाळी पिठाच्या गिरणीवर दळण टाकताना जावेजवळ डोळ्याला पदर लावला. आणि गिरणीवर टाकलेली गोष्ट बारीक दळूनच बाहेर पडते. दुपारपर्यंत गावाला कळलं होतं, की सर्जेरावाच्या शालूचं हृदय मधे मधे बंद पडतं आणि शाळेतल्या सरांनी ते मशीन लावून काढलं. मशीन! अहो, भिंतीवरचं घड्याळ आणि दोन बोटं, एवढंच होतं ते.

गावातल्या डॉक्टरनं, जो खोकल्यालाही सलाईन लावतो, शालूला सलाईन लावलं आणि सांगितलं, “धावपळ बिलकुल बंद.” झालं. पळणं बंद, सायकल बंद, घागर उचलणं बंद. धाकट्या भावाला ताकीद, ताईला हसवायचं नाही. ज्या पोरीच्या पाठीमागं गावातली कुत्री पळून थकायची, तिला आता अंगणात खाटेवर बसवून ठेवलेलं. बाया यायच्या, तोंडावरून हात फिरवायच्या, “काय गं बाई, एवढीशी लेकरं,” म्हणायच्या आणि जाताना नंदाबाईंना हळूच विचारायच्या, “आता हिचं कसं व्हायचं?” कसं म्हणजे लग्नाचं. पोरगी नववीत. पण गावाला पुढचं दिसतं ना!

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या यादीत तिचं नाव होतं, ते खेळाच्या सरांनी गुपचूप खोडलं.

आठ-दहा दिवसांनी शालू शाळेत आली. बाप सोडायला, बाप न्यायला. तास संपल्यावर सर टेबलावरचं आवरत होते, तर ही समोर उभी.

“सर, मला काईच होत न्हाई. खरंच. दम बी लागत न्हाई. मी मागच्या दारानं एकदा पळून पाह्यलं, कालव्यापर्यंत. घरी कळलं, तर आई भिंतीवर डोकं आपटून घ्यायला लागली.” तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट. “तुम्हीच म्हणले होते ना, खरं लिही. बहात्तर लिहिलेलं बराबर होतं ते.”

सरांना खरंच रडू आलं आणि ते खडू शोधायला कपाटाकडं वळले.

त्या रविवारी ते पुन्हा सर्जेरावांच्या ओट्यावर गेले. या खेपेला सर्जेराव नुसते म्हणाले, “या.” सरांनी ऐकलं आणि गिळलं. तासभर समजूत घातली. सलाईनवाल्यानं काय ऐकलं असेल छातीत? जालन्याला हृदयाचे मोठे डॉक्टर आहेत, एकदा दाखवू, मी येतो बरोबर. सर्जेराव कबूल झाले, ते कांताच्या आठवणीनं झाले. कांताला कुणी दाखवलंच नव्हतं.

अंबडवरून एसटीनं तिघं जालन्याला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शालूच्या छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, मग पडद्यावर तिचं हृदय उघडझाप करताना दाखवलं. शालू मान वळवून एकटक बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “पळतेस का गं तू?”

“पळत होते.”

“किती?”

“सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पार पुलापर्यंत, अन् परत.”

डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या. “अहो, कोणी पाठवलं हिला? इतकं छान हृदय आज दिवसभरात पाहिलं नाही मी. पळून पळून दणकट झालंय. एका ठोक्यात भरपूर रक्त फेकतं, मग त्याला कशाला धडधडायला लागतंय? पळू द्या हिला. बसवून ठेवू नका.”

कोणी पाठवलं, हे ऐकून सरांनी मान खाली घातली. पण मनावरचा धोंडा उतरला होता. अंबडच्या स्टँडवर सर्जेरावांनी जिलबी घेतली, सरांना आग्रह करकरून खाऊ घातली. शालू खिडकीशी बसून बोटानं काचेवर ताल धरत होती. गाडीतून उतरल्यावर ती घरापर्यंत पळतच गेली आणि बाप मागून नुसता हसत राहिला.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण गाव म्हणजे काय कोर्ट आहे, निकाल लागला की गप्प बसायला? गावाला आजार सांगा, लगेच पटतो. बरं आहे म्हणून सांगा, पटत नाही. “काईच न्हाई तर मंग मोठ्या डॉक्टरकडं नेलीच कशाला? जालन्याला गेल्ते, वायरी लावल्या, पडद्यावर बघितलं. असल्याबिगर बघतेत व्हय?” डॉक्टरकडं नेलं हाच पुरावा झाला. शालू पहाटे पळायला लागली तर रस्त्यावरची माणसं तिला थांबवायची, “अगं ये, मरशील ना,” म्हणायची. एक म्हातारा तर तिच्या पुढ्यात काठी आडवी धरून उभा राहिला. कुंभार पिंपळगावहून तिच्या मामाचा फोन आला, “पोरीच्या छातीत छिद्र निघालं म्हणे?” सर्जेराव वैतागले. तीन दिवसांत पळणं परत बंद.

“भाऊ, डॉक्टरांचा कागद आहे ना तुमच्याकडं,” सर म्हणाले.

“तो कागद काय गळ्यात बांधून फिरू? इंग्रजीत हाय तो. अन् इचारतेत, ठोके कमी हायत का न्हाईत? मी म्हणतो, हायत, पण ते चांगलं असतंय. मंग हसतेत माझ्या तोंडावर.” सर्जेराव सरांकडं सरळ बघत म्हणाले, “सर, मला पटलंय. बिलकुल पटलंय. पण मी घरोघर जाऊन कसं पटवू? लोकांना एकच आकडा ठाऊक हाय. तुमच्याच शाळेत शिकलेत ते बी. तुमच्या तोंडानं सुरू झालं, तुमच्याच तोंडानं मिटवा. पालकसभा हाय ना बुधवारी? सगळ्यांसमोर पोरीचे ठोके मोजा. बहात्तर आले की मिटलं. दुसऱ्या दिवशी मी सोता तिला कालव्यावर सोडतो. जिल्ह्याची स्पर्धा बी हाय अजून.”

“अन् नाही आले तर?”

सर्जेराव उठले आणि बागेकडं चालायला लागले.

सरांनी ठरवलं, आपण समजावून सांगायचं. आपलं कामच ते. दोन दिवस बसून त्यांनी तयारी केली. मोटरचं उदाहरण काढलं. तीन हॉर्सपॉवरची मोटर आणि पाचची मोटर, हौद तोच, मग कुठली कमी वेळ चालते? शेतकऱ्याला कळणार नाही असं त्यात काय आहे? शीतलला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “मला कळलं. पण मी तुमची बायको आहे, मला कळून घ्यायचंच होतं.”

बुधवारी मैदानात सतरंज्या टाकल्या. एरवी पालकसभेला चार डोकी येत नाहीत, त्या दिवशी बाया-माणसांनी मैदान भरलं. हेडमास्तरांनी खूश होऊन माईक लावला. मागं नववीच्या वर्गाचा मोठा चार्ट टांगलेला. नावं, आकडे, रंगीत रेघा. शालूच्या नावापुढची जागा तेवढी रिकामी होती. सर्जेराव पहिल्या ओळीत, शेजारी नंदाबाई, पदराचं टोक दातात धरून.

सर उभे राहिले आणि मोटरीवर आले. लोक ऐकत होते. पाचच्या मोटरीपर्यंत सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “म्हणजे कमीच हायत म्हणा की सर! मोटर कशाला मधे घालता?”

हशा पिकला. बायांत कुजबुज सुरू झाली. “मी म्हणलं न्हवतं?” “बिचारी.” नंदाबाईंनी मान खाली घातली. सरांनी माईक घट्ट धरला. “ऐका, ऐकून तर घ्या, कमी असणं म्हणजे...” पण ऐकायचं कुणाला होतं! सर्जेरावांचा चेहरा त्या पहिल्या संध्याकाळसारखा उतरला.

तेव्हा शालू उठली. सतरंजीवरून पुढं आली, खुर्चीवर बसली. पायलला म्हणाली, “घड्याळ धर.” स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले, ओठ हलवत मोजायला लागली. मैदान शांत झालं. मिनिट भरल्यावर पायल म्हणाली, “झालं.” शालूनं डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “बहात्तर.”

सरांना वाटलं, आपण चुकून ऐकलं. पण ती त्यांच्याकडं बघत नव्हती. समोर बघत होती, सगळ्या माणसांच्या डोक्यावरून, कालव्याच्या दिशेनं.

“एकानं मोजलं तर चालत न्हाई ना, सर?” मघाचाच आवाज. “दोनदा मोजायचा नेम हाय म्हणे तुमचा. आमचं पोरगं सांगतंय.”

“बराबर हाय,” सर्जेराव उठून उभे राहिले. हात जोडले नव्हते, पण आवाज जोडलेला होता. “सर, तुम्ही मोजा.”

राजानंद सर गुडघ्यावर बसले आणि शालूचं मनगट हातात घेतलं. तिचा हात गार पडला होता. बोटांखाली पहिला ठोका लागला. मग थांबून दुसरा. पोरगी भ्यालेली होती, म्हणून रोजच्यापेक्षा चार-सहा जास्त पडत असतील, पण साठच्या जवळपाससुद्धा काही नव्हतं. सावकाश, दमदार, एकेक ठोका. इतका चांगला ठोका की वर्गभरच्या पोरांना रांगेनं बोलावून प्रत्येकाला बोट ठेवायला लावावं. सरांनी मिनिटभर मोजलं. आकडा त्यांच्याजवळ होता. खरा. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही कमावलं नव्हतं, एवढंच होतं, की हा माणूस जे आहे ते सांगतो. नंदाबाईंच्या दातातून पदर सुटला होता. त्या सरांच्या ओठांकडं बघत होत्या.

सर उठले.

“बहात्तर,” ते म्हणाले.

मैदानानं श्वास सोडला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. “बघा, मी म्हणतच होतो, काई न्हाई म्हणून!” हे मघाशी हसलेलाच माणूस म्हणाला. बाया नंदाबाईंच्या गळ्यात पडल्या. सलाईनवाल्या डॉक्टरचा भाऊ म्हणाला, सलाईननं फरक पडला. सर्जेराव गर्दीतून वाट काढत आले. त्यांना ठाऊक होतं, आणि सरांना ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला, डोळे पुसले आणि म्हणाले, “जय भीम, सर.”

किती दिवसांनी ऐकायला मिळाला तो शब्द! सरांना तो घेता येईना.

माणसं पांगली. हेडमास्तर म्हणाले, “राजानंद, चार्ट पुरा करा, उद्या तालुक्याला पाठवायचाय. या वर्षी नंबर आपलाच.” सतरंज्या गोळा करणारी पोरं लांब होती. चार्टपुढं सर आणि शालू दोघंच उरली. शालूच्या नावापुढं ती रिकामी चौकट.

सरांनी स्केचपेन उघडला आणि तसाच धरून उभे राहिले. मोकळी ठेवावी का, असा विचार त्यांच्या मनात आला. शालूनं त्यांच्या हातातून पेन घेतला आणि वळणदार अक्षरात, जरा दाबून, लिहिलं : ७२. मागं सरकून तिनं एकदा सगळा चार्ट बघून घेतला.

“आता बराबर दिसून राह्यलं, सर,” ती म्हणाली. “सगळ्यांसारखं.”

पेनाचं टोपण लावून तिनं तो त्यांच्या हातात दिला, दप्तर उचललं आणि फाटकातून पळत सुटली. रस्त्यावरच्या कुणीही तिला अडवलं नाही.